लीप सेकंद जाऊ द्या, पण पृथ्वीचे फिरणे मोजायचे कोणी?

१ जानेवारी २०१७ च्या सकाळी भारतीय प्रमाणवेळेत ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंद झाल्यावर लगेच साडेपाच वाजले नाहीत. मध्ये ५:२९:६० असा एक जादा सेकंद आला. १९७२ पासून घातलेला हा २७वा लीप सेकंद. त्यानंतर आजवर एकही घालावा लागलेला नाही, आणि पुढे घातला जाण्याची शक्यताही कमीच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्सायला भरलेल्या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवले, की आण्विक घड्याळे आणि पृथ्वीचे फिरणे यांच्यातला फरक ०.९ सेकंदाच्या आत ठेवण्याचे बंधन २०३५ पर्यंत सैल करायचे. नवी मर्यादा अशी असावी, की निदान शंभर वर्षे घड्याळाला हात लावावा लागू नये. दुबईच्या २०२३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने त्याला पाठिंबा दिला.

हा निर्णय योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्यातून एक चुकीचा निष्कर्ष सहज निघतो, आणि तो भारताला महाग पडेल. घड्याळ पृथ्वीपासून सुटले म्हणजे पृथ्वीचे फिरणे रोजच्या रोज मोजण्याची गरज संपली, हा तो निष्कर्ष. खरे तर गरज वाढली आहे, आणि त्या मोजणीत आपला वाटा आज नगण्य आहे.

आधी लीप सेकंद का जावा ते पाहू. १९६७ पासून सेकंद म्हणजे सीझियम-१३३ अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांचा काळ. ही संख्या ज्या खगोलीय सेकंदाशी जुळवून घेतली, तो एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षणांवरून ठरलेला होता. म्हणजे आपला आण्विक सेकंद जन्मतःच जुन्या, किंचित लहान दिवसाला बेतलेला आहे. दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा २ मिलिसेकंदांनी मोठा असेल, तर ५०० दिवसांत पूर्ण एक सेकंद साचतो. तो साचला की घालायचा, एवढाच हा नियम आहे.

संगणकाला मात्र तो पेलत नाही. बहुतेक यंत्रणा वेळ १९७० पासूनच्या सेकंदांच्या एका आकड्यात ठेवतात आणि प्रत्येक दिवस बरोबर ८६,४०० सेकंदांचा धरतात. त्या आकड्यात साठाव्या सेकंदाला जागाच नाही. मग एकतर आधीचा सेकंद दोनदा मोजला जातो, म्हणजे घड्याळ मागे जाते, किंवा काहीतरी अडकते. ३० जून २०१२ च्या लीप सेकंदाला लिनक्सच्या गाभ्यातल्या सूक्ष्म टायमरना वेळ सरकल्याची खबर मिळाली नाही. ते मुदत संपली असे समजून पुन्हा पुन्हा वाजत राहिले आणि जगभरचे सर्व्हर शंभर टक्के भाराने अडकले. घड्याळ हाताने पुन्हा लावले की ते सुटत होते. २०१७ च्या सुरुवातीला क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएस सेवेत दोन क्षणांमधला फरक ऋण आला. वेळ मागे जाणार नाही असे गृहीत धरून लिहिलेला कोड तो ऋण आकडा एका यादृच्छिक संख्येच्या फंक्शनला देत होता, आणि प्रोग्राम कोसळत होता. दोन्ही ठिकाणी कुशल लोक होते, पण दोन-तीन वर्षांतून एकदा धावणाऱ्या कोडची खरी चाचणी होत नसते.

यावर मोठ्या कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे तो सेकंद चोवीस तासांवर पसरवणे. यूटीसीच्या, म्हणजे आण्विक घड्याळांवर चालणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेच्या, एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत प्रत्येक सेकंद सुमारे ११.६ दशलक्षांशांनी लांबवायचा. ऐकायला सुबक वाटते, पण मधल्या काळात जगात दोन वेगळ्या वेळा चालू असतात. आपल्याकडे हे पसरवणे संध्याकाळी साडेपाच ते दुसऱ्या संध्याकाळी साडेपाच असे पडते. ऐन लीप सेकंदाला दोन घड्याळांत अर्ध्या सेकंदाचा फरक असतो. सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडतो तेव्हा ०.३४ सेकंद उरलेला असतो, आणि साडेतीनला बंद होतानाही ०.०८ सेकंद शिल्लक असतो. मिलिसेकंदांत सौदे नोंदवणाऱ्या बाजारासाठी हा फार मोठा काळ आहे. १ जुलै २०१५ चा लीप सेकंद बुधवारी, म्हणजे कामाच्याच दिवशी आला होता.

लीप सेकंदाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो: माणसाचा दिवस सूर्याशी बांधलेला असावा. भावना समजण्यासारखी आहे, हिशेब मात्र तिला साथ देत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची. मुंबई ७२.९ अंशांजवळ. त्यामुळे मुंबईचा मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३८ मिनिटांनी होतो. त्यातही पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ ला, तर फेब्रुवारीत १२:५३ च्या आसपास येतो. अर्ध्या तासाची ही ये-जा आपण दरवर्षी बिनतक्रार सोसतो. शतकात मिनिटभराच्या घसरणीने सूर्याशी नाते तुटणार नाही. पंचांगकर्त्यांचे काम तर एका बाबतीत सोपे होईल. तिथीची समाप्ती सूर्य-चंद्रांच्या गतीच्या एकसमान काळात काढतात, आणि तो काळ आज यूटीसीच्या ६९.१८४ सेकंद पुढे आहे. लीप सेकंद थांबले की हा फरक कायमचा स्थिर होईल. सूर्योदयाच्या वेळेसाठी मात्र पृथ्वीच्या फिरण्याची खरी वेळ, म्हणजे यूटी-१, लागेलच.

आता ही यूटी-१ इतकी बेभरवशाची का? सर्वांत जुने आणि चिवट कारण भरती-ओहोटी. चंद्र समुद्र ओढतो, पण पृथ्वी चंद्राच्या परिभ्रमणापेक्षा वेगाने फिरते आणि समुद्रतळाशी घर्षण होते, म्हणून भरतीचा फुगवटा चंद्राच्या किंचित पुढे जातो. चंद्र त्याला मागे खेचतो आणि पृथ्वीचे फिरणे मंदावते. या व्यवहारात सुमारे ३.७ लाख कोटी वॅट इतकी शक्ती सतत खर्च होते. बहुतांश उथळ समुद्रांत, पण साधारण एक तृतीयांश खोल महासागरात, तळाच्या डोंगररांगांवर. पृथ्वी गमावते तो कोनीय संवेग चंद्राला मिळतो आणि तो वर्षाला ३.८ सेंटीमीटर दूर जातो. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेझर टाकून हे मोजलेले आहे.

एवढ्या ओढीने दिवस शतकात सुमारे २.३ मिलिसेकंदांनी लांबायला हवा. ग्रहणांच्या प्राचीन नोंदी सांगतात की तो १.७ ते १.८ नेच लांबला. इ.स.पूर्व १३६ मध्ये बाबिलोनमध्ये दिसलेल्या खग्रास ग्रहणाची मातीच्या विटेवरची नोंद आजच्या गतीने मागे मोजली, तर पृथ्वीचे घड्याळ सव्वातीन तासांनी चुकते. भरतीच्या एकट्या हिशेबाने ते याहून जास्त चुकायला हवे होते. उरलेला वाटा मुख्यतः हिमयुगानंतर वर उचलल्या जाणाऱ्या ध्रुवाकडच्या जमिनीचा आहे. वस्तुमान आसाकडे सरकते आणि पृथ्वी थोडी वेगाने फिरते.

याच्यावर इतर अनेक चढउतार स्वार होतात. चंद्राच्या साडेतेरा आणि साडेसत्तावीस दिवसांच्या चक्रांनी घन पृथ्वीचा आकारच बदलतो आणि दिवस मिलिसेकंदाच्या अंशाने लहानमोठा होतो. वाऱ्यांच्या ऋतुचक्राने तो वर्षभर हलतो. १९८२-८३ च्या एल निन्योत तो सुमारे एक मिलिसेकंदाने लांबला होता. दशकांच्या पल्ल्यावर पृथ्वीचा द्रव गाभा कवचाशी संवेगाची देवाणघेवाण करतो, आणि त्याचे भाकीत करण्याचे खात्रीचे साधन आपल्याकडे नाही. २०२० पासून दिवस अपेक्षेच्या उलट लहान होत गेले. २९ जून २०२२ चा दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा १.५९ मिलिसेकंदांनी लहान भरला, तर ५ जुलै २०२४ चा १.६६ मिलिसेकंदांनी. हे असेच चालले असते तर पहिल्यांदाच एक सेकंद वगळावा लागला असता: ५८ नंतर थेट शून्य. हा प्रसंग जगातल्या एकाही चालू यंत्रणेने कधी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये डंकन अॅग्न्यू यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले, की ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाचा बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे पसरत असल्याने पृथ्वी थोडी मंदावली आहे, आणि ऋण लीप सेकंदाची संभाव्य वेळ त्यामुळे २०२६ वरून २०२९ च्या आसपास गेली आहे. तापमानवाढीचा परिणाम थेट घड्याळात दिसावा, ही बाब मला या विषयातली सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहितो आहे, तिच्याकडे येतो. ‘उपग्रह आहेत ना, ते मोजतील पृथ्वीचे फिरणे,’ हा समज सुशिक्षित लोकांतही पक्का आहे. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा हे नीट पाहिले पाहिजे.

एका मिलिसेकंदात विषुववृत्त ४६ सेंटीमीटर पूर्वेला सरकते. मुंबईच्या अक्षांशावर ४४. नाविक या भारताच्या दिशादर्शन यंत्रणेचे उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४२,१६४ किलोमीटरवर आहेत. तिथे तोच कोन तीन मीटरांहून मोठा होतो. उपग्रहाची कक्षा ताऱ्यांच्या सापेक्ष स्थिर चौकटीत गणितात मांडावी लागते, कारण गतीचे नियम तिथे लागू होतात. वापरणारा मात्र फिरत्या पृथ्वीवर उभा असतो. या दोन चौकटी जोडणारा कोन म्हणजेच यूटी-१. म्हणून जीपीएसच्या नव्या संदेशांत आणि नाविकच्या संदेशातही पृथ्वीच्या दिशेचे आकडे असतात.

मग जमिनीवरच्या केंद्रांनी उपग्रह पाहून हा कोन उलटा का काढता येऊ नये? कारण उपग्रहांची कक्षाप्रतले स्वतःच सरकत असतात. पृथ्वीचा विषुववृत्ताजवळचा फुगवटा, सूर्य-चंद्रांची ओढ आणि पंखांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा दाब त्यांना हळूहळू फिरवतात. शेजारच्या रुळावरची गाडी हलली की आपली, हे खिडकीतून कळत नाही. तसेच कक्षा पश्चिमेला सरकल्या की पृथ्वी जरा जास्त फिरली, हे निव्वळ उपग्रह पाहून वेगळे करता येत नाही. एका दिवसापुरता फिरण्याचा वेग, म्हणजे दिवसाची लांबी, उपग्रह चांगली देतात. पण ती रोज रोज बेरीज करत गेलो की चूक साचत जाते आणि कोन भरकटतो. त्याला बांधून ठेवायला बाहेरची खूण लागते.

ती खूण म्हणजे क्वासार, दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रे. अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असल्याने त्यांची दिशा व्यवहारात हलत नाही. १ जानेवारी २०१९ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय खगोलीय संदर्भचौकटीत ४,५३६ स्रोत आहेत, आणि त्यांतले ३०३ तिची दिशा ठरवतात. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन-अधिक रेडिओ दुर्बिणी एकाच क्वासारकडे वळवायच्या, हायड्रोजन मेसर घड्याळाच्या साक्षीने संकेत नोंदवायचे, ते एका ठिकाणी आणून एकमेकांवर सरकवत जुळवायचे आणि लहर दुसऱ्या दुर्बिणीला किती उशिरा पोचली ते पिकोसेकंदांत काढायचे. पृथ्वी फिरते तसा हा उशीर बदलतो. यालाच व्हीएलबीआय म्हणतात. आठवड्यातून दोनदा चोवीस तासांची मोठी सत्रे होतात. शिवाय पूर्व-पश्चिम पसरलेल्या जोड्यांवर, जसे हवाईतले कोकी पार्क आणि जर्मनीतले वेट्झेल, रोज तासाभराची सत्रे होतात, ती खास यूटी-१ साठी. निकाल मायक्रोसेकंदांच्या दहाच्या घरात अचूक असतो.

हे थांबले तर काय होते, त्याचा अंदाज पृथ्वीच्या फिरण्याची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेवेच्या साप्ताहिक पत्रकातच दिलेला असतो. यूटी-१ च्या भाकितात दहा दिवसांनी दीड मिलिसेकंदाच्या आसपास आणि चाळीस दिवसांनी ४ मिलिसेकंदांची चूक येऊ शकते. चार मिलिसेकंद म्हणजे मुंबईत पावणेदोन मीटर. अतिशयोक्ती होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की रोज जमिनीवरून नवी कक्षा पाठवली जाते तोवर यातली बरीच चूक त्या कक्षेतच मिसळून जाते आणि फोनवरच्या नकाशात काही दिसणार नाही. धोका दुसरीकडे आहे. जमिनीचा संपर्क तुटल्यावर उपग्रहांनी आपापसांत मोजून महिनोन्महिने चालावे अशी योजना असेल, तर संपूर्ण ताफा पृथ्वीभोवती एकसंध किती फिरला हे उपग्रहांना कळतच नाही. आणि जिथे सेंटीमीटर-मिलिमीटर लागतात, तिथे संदर्भचौकटच डळमळते.

मुंबईचेच पाहा. अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद आहे. आशियातल्या दीर्घ नोंदींपैकी ही एक. पण भरतीमापक फक्त जमिनीच्या सापेक्ष समुद्र सांगतो. समुद्र चढतो आहे की जमीन खचते आहे, हे वेगळे करायला त्या ठिकाणाची उंची पृथ्वीच्या केंद्रापासून मोजावी लागते, आणि ती जागतिक चौकट ज्या पट्टीवर उभी आहे तिचे माप व्हीएलबीआय आणि उपग्रहांवरच्या लेझर मोजणीतून येते. या पट्टीत अब्जांश भागाची चूक म्हणजे उंचीत ६.४ मिलिमीटर. समुद्र वर्षाला चारेक मिलिमीटरने चढतो आहे. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी तुंबते, हे मुंबईकराला माहीत आहे. पुढच्या पन्नास वर्षांसाठी बंधारे आणि पंपिंग स्टेशनांची पातळी ठरवताना त्याला हेच मिलिमीटर लागणार आहेत. ड्रोनने गावठाणांची मोजणी करणारी स्वामित्व योजना ज्या कॉर्स केंद्रांवर, म्हणजे उपग्रहांचे संकेत सतत नोंदवणाऱ्या स्थिर संदर्भकेंद्रांवर, चालते, त्यांचे अक्षांश-रेखांशही याच चौकटीत आहेत.

भारतात या जागतिक जाळ्यातले एकही व्हीएलबीआय केंद्र चालू नाही. दक्षिण आफ्रिकेत हार्टेबीस्टहूक आहे, ऑस्ट्रेलियात यारागाडी, कॅथरीन, होबार्ट आहेत, चीनमध्ये आणि रशियात अनेक आहेत. हिंदी महासागराच्या उत्तर कडेला मोकळी जागा आहे, आणि ती जागा आपली आहे. ‘आपल्याकडे पुण्याजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे की,’ असे कोणी म्हणेल. तिथल्या ४५ मीटरच्या तीस थाळ्या जागतिक दर्जाच्याच आहेत, पण त्या सुमारे दीड गिगाहर्ट्झच्या खालच्या, मीटर-तरंगांसाठी बांधलेल्या आहेत. तारेच्या जाळीची ती थाळी २ ते १४ गिगाहर्ट्झच्या कामाला चालणार नाही. मोठी थाळी आकाशात पटापट वळवताही येत नाही, आणि तासाला कित्येक दहा स्रोत पाहणे हाच या मोजणीचा प्राण आहे.

लागणारे उपकरण वेगळेच आहे. १२-१३ मीटरची घट्ट बांधणीची थाळी, सेकंदाला बारा अंश वळू शकणारी. सुमारे २० केल्विनपर्यंत थंड केलेला ग्राही. मेसर. सेकंदाला अनेक गिगाबिट नेणारी फायबर. शेजारीच पक्क्या खडकावर जीएनएसएसचा, म्हणजे दिशादर्शक उपग्रहांचे संकेत घेणारा, खांब आणि शक्यतो लेझर केंद्र. या सगळ्यांमधली अंतरे मिलिमीटरपर्यंत पुन्हा पुन्हा मोजलेली हवीत, कारण जगातल्या अनेक केंद्रांत सर्वांत मोठी गफलत इथेच होते. उपकरणे उत्तम असतात, पण त्यांच्यातले अंतर चुकलेले असते. दुसरा शत्रू रेडिओ गोंगाट. २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय, ३.३ ते ३.६ गिगाहर्ट्झचे फाइव्ह-जी आणि १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झवर खाली बोलणारे इंटरनेट उपग्रह हे सगळे नेमके याच पट्ट्यात येतात आणि ग्राहीला बधिर करतात. तिसरा शत्रू हवेतली वाफ. तिच्यामुळे होणारा उशीर क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून जागा घाटमाथ्यावर नको, पर्जन्यछायेच्या कोरड्या पठारावर हवी. दख्खनचा बेसाल्ट पायाला चांगला आहे. कोयनेच्या भूकंपप्रवण पट्ट्यापासून मात्र दूरच राहावे.

खर्चाचा आक्षेप येईल. त्यावर माझे उत्तर नाविकच्याच इतिहासात आहे. पहिल्या उपग्रहाची, आयआरएनएसएस-१ए ची, तिन्ही आयात केलेली रुबिडियम घड्याळे बंद पडली. त्याच्या जागी पाठवलेला १एच ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णतारोधक कवच न सुटल्याने वाया गेला. एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये झेपावला, पण झडप न उघडल्याने ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. देशी घड्याळ घेऊन मे २०२३ मध्ये गेलेला एनव्हीएस-०१ हे खरे यश, आणि ते आत्मनिर्भरतेच्या आग्रहातूनच आले. तोच आग्रह जमिनीवर का नको? इथे प्रक्षेपक लागत नाही. बिघाड झाला तर तंत्रज्ञ जिना चढून तो दुरुस्त करू शकतो. आणि क्वासारच्या नोंदी जुळवणारी यंत्रणा बांधण्याचे कसब पुण्यात, जीएमआरटीचे सहसंबंधक घडवणाऱ्या लोकांकडे, आधीपासून आहे.

वेळेच्या बाजूनेही एक काम तातडीचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने भारतीय प्रमाणवेळ सर्व व्यवहारांत बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा काढला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची वेळ अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरीदाबाद आणि गुवाहाटीच्या प्रयोगशाळांतून देशभर पोचवायची ही योजना आहे. केवळ परक्या उपग्रहांच्या वेळेवर विसंबण्याचा धोका २६ जानेवारी २०१६ ला दिसला होता. एक जुना जीपीएस उपग्रह निवृत्त करताना यूटीसीच्या दुरुस्तीचा चुकीचा आकडा चढवला गेला आणि जगभर वेळ १३.७ मायक्रोसेकंदांनी घसरली. आजच्या मोबाइल मनोऱ्यांना परस्परांत दीड मायक्रोसेकंदाची शिस्त लागते, यावरून त्या चुकीचे माप कळेल. तेव्हा या नियमांत स्पष्ट लिहिले जावे, की २०३५ पर्यंत लीप सेकंद, धन किंवा ऋण, आलाच तर तो पसरवायचा नाही. आणि कोणी पसरवलाच, तर तशी नोंद प्रत्येक वेळ-शिक्क्यासोबत करणे बंधनकारक असावे. राष्ट्रीय प्रयोगशाळेने यूटीसी आणि यूटी-१ यांच्यातला फरक रोज, यंत्राला वाचता येईल अशा रूपात प्रसिद्ध करावा. दुर्बिणी वळवणारी कित्येक सॉफ्टवेअरे हा फरक कधीच ०.९ सेकंदाच्या पुढे जाणार नाही असे मानून लिहिलेली आहेत. मर्यादा सैल होताच एका सेकंदाला पंधरा कोनीय सेकंद या हिशेबाने त्यांचा नेम चुकेल. वेधशाळांनी आणि इस्रोच्या भूकेंद्रांनी आपला जुना कोड आत्ताच काढून या फरकाच्या रकान्यात पाच, दहा, साठ सेकंद भरून चालवून पाहावा. २०३४ मध्ये हे करायला बसलो, तर ज्यांनी तो कोड लिहिला ते लोक तेव्हा विचारायला नसतील.